दवाखान्यापर्यंतचे भाडे कोणाच्या बिलात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. उपचार सरकारी आरोग्य विम्यावर झाले, पण दवाखान्याला जाण्या-येण्याचे भाडे घरातून गेले. ते परत मिळते का, आणि मिळत असेल तर त्याचे बिल कसे असावे लागते? खानापूर, निपाणी, बेळगाव आणि आसपासच्या गावांतून आलेली सहा पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात आयुष्मान कार्डावर होते. आमचे गाव खानापूर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत आहे. सकाळी सातला तिथे पोहोचायचे तर बस उपयोगाची नाही. म्हणून जाताना गावातल्या एकाची गाडी सांगतो आणि येताना ॲपवरून गाडी मागवतो. तीन महिन्यांच्या पावत्या आरोग्यमित्रांना (दवाखान्यात योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसांना) दिल्या, तर ‘हे योजनेत बसत नाही’ म्हणून त्यांनी त्या परत केल्या. ही टाळाटाळ आहे का? — एक सून, खानापूर तालुका

उत्तर : नाही. आरोग्यमित्रांनी तुम्हाला खरे तेच सांगितले, फक्त कारण सांगितले नाही.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर कर्नाटकाने आपली आरोग्य कर्नाटक योजना तिच्याशी जोडून घेतली. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळतात. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि तिची वार्षिक मर्यादा दीड लाख आहे. दवाखान्याला सरकारकडून पैसे मिळतात ते ठरलेल्या पॅकेजचे. त्या पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतला औषध-तपासण्यांचा खर्चही त्यात येतो. घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता मात्र त्यात नाही. त्यामुळे आरोग्यमित्रांनी तुमच्या पावत्या स्वीकारल्या असत्या, तरी त्या ज्या रकान्यात भरायच्या तो रकानाच त्यांच्याकडे नाही.

हे नेहमीच असे नव्हते. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत विम्याची रक्कम कुटुंबामागे फक्त ३०,००० रुपये होती, पण दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णाला प्रत्येक वेळी १०० रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये प्रवासखर्च मिळत असे. ती योजना पुढे आयुष्मानमध्ये विलीन झाली. विम्याची रक्कम कितीतरी पटींनी वाढली आणि ते शंभर रुपये तेवढे गळून पडले. रक्कम लहान होती हे मान्य, पण रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचला तरच विम्याचा उपयोग, ही गोष्ट सरकारने कागदावर कबूल केलेली होती. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, आणि तेही आयुष्यभर, हा प्रवास करावा लागतो. उपचार मोफत असूनही भाड्यापायी एखादी वारी चुकवणारी माणसे आपल्या तालुक्यात आहेत, आणि चुकलेल्या एका वारीने जीव धोक्यात येऊ शकतो. ही तरतूद पुन्हा यायला हवी असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर काय करता येईल ते पाहू. सर्वांत आधी तालुका रुग्णालयात चौकशी करा. कर्नाटकात अनेक तालुका रुग्णालयांत सरकारी डायलिसिस केंद्रे आहेत. खानापुरात जागा मिळाली, तर बेळगावच्या सव्वीस-सत्तावीस किलोमीटरांचा प्रश्नच मिटतो. बेळगावलाच जावे लागणार असेल, तर वेळ बदलून मागा. सकाळी सातऐवजी दुपारची पाळी मिळाली तर बस चालेल, आणि ११ जून २०२३ पासून सुरू असलेल्या शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या बसमध्ये तुम्हा दोघींना तिकीट पडणार नाही. खानापूरहून रेल्वेनेही जाता येते. डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातला दाखला दवाखान्याकडून भरून, सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो आणि तिकीट काढताना तो दाखवावा लागतो.

तुम्ही पाठवलेल्या पावत्यांच्या छायाप्रती आम्ही पाहिल्या. ॲपच्या पावतीवर तारीख, सुटण्या-पोहोचण्याची वेळ, किलोमीटर, गाडीचा नंबर, सारे छापलेले आहे. गावातल्या गाडीच्या पावत्या म्हणजे वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या शाईत ‘बेळगाव अप-डाऊन’ आणि त्यापुढे एक आकडा. ना तारीख, ना गाडीचा नंबर, ना कोणाला नेले त्याचे नाव. एखाद्या योजनेत प्रवासखर्च मिळत असता, तरी या कागदावर तो मिळाला नसता. आणखी एक गोष्ट काळजीने सांगतो. गावातली ती गाडी पांढऱ्या पाटीची असेल, तर खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसे नेण्याची मुभा नसते. रस्त्यात काही झाले तर गाडीवाल्याची आणि तुमची दोघांचीही अडचण होईल. शेजारधर्म म्हणून नेणे वेगळे, दर वेळी भाडे घेऊन नेणे वेगळे.

प्रश्न : मी बेळगावात राहते आणि रात्रपाळीत अमेरिकेतील रुग्णांच्या बिलांचे काम करते. नुकतेच मला रुग्णवाहतुकीचे क्लेम दिले आहेत. त्यांत ॲपवरून मागवलेल्या गाड्यांच्या फेऱ्या असतात आणि त्यांतल्या कितीतरी डिनाय होऊन, म्हणजे नाकारल्या जाऊन, परत येतात. कोणी नीट समजावून सांगत नाही, फक्त ‘करेक्ट करून पुन्हा पाठव’ म्हणतात. या फेऱ्यांच्या बिलांचे नियम मुळातून समजावून सांगाल का? — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तुमचा प्रश्न आपल्या योजनांपासून दूरचा आहे, तरी आम्ही तो सविस्तर घेत आहोत. एक कारण असे की आपल्या भागातील बरीच मुले-मुली आज हे काम करतात. दुसरे असे की रस्त्याच्या खर्चाला विम्यात जागा दिली, तर त्याचा हिशेब कसा ठेवावा लागतो, ते यातून कळते.

आधी मेडिकेड आणि मेडिकेअर या अमेरिकेतल्या दोन सरकारी आरोग्य योजना वेगळ्या करा, कारण निम्मी गफलत तिथेच होते. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांची केंद्रीय योजना आहे. मूळ मेडिकेअर टॅक्सीचे किंवा ॲपच्या गाडीचे भाडे देत नाही. ती रुग्णवाहिकेचे पैसे देते, आणि तेही दुसऱ्या कोणत्याही वाहनाने नेल्यास रुग्णाच्या प्रकृतीला धोका झाला असता अशी स्थिती असेल तरच. मेडिकेअरशी जोडलेल्या काही खासगी योजना जादा सवलत म्हणून फेऱ्या देतात, पण ते त्या त्या योजनेचे नियम. मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांची योजना आहे आणि तिचा खर्च केंद्र व राज्य मिळून करतात. रुग्णाला उपचारापर्यंत पोहोचवण्याची खात्री राज्याने दिलीच पाहिजे, असे तिच्या नियमांत पूर्वीपासून होते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ते बंधन थेट कायद्यात आले. म्हणून क्लेम उघडताच पहिले पाहायचे ते हे, की पैसे देणारी योजना कोणती आणि राज्य कोणते. एका राज्याची पद्धत दुसऱ्या राज्याला लागू पडेल असे कधीही गृहीत धरू नका.

यानंतर बिल कोण पाठवतो ते समजून घ्या. ॲपची कंपनी सहसा प्रत्येक फेरीचे बिल स्वतः मेडिकेडकडे पाठवत नाही. बऱ्याच राज्यांत मध्ये एक ब्रोकर किंवा आरोग्य योजना चालवणारी कंपनी असते. रुग्ण तिला फोन करतो, ती पात्रता तपासते, फेरी मंजूर करते, गाडी ठरवते आणि गाडीवाल्याला करारातल्या दराने पैसे देते. याचा तुमच्या कामाशी संबंध असा, की गर्दीच्या वेळी ॲपने वाढवलेले भाडे क्लेममध्ये जसेच्या तसे टाकून चालत नाही. मिळणारी रक्कम राज्याच्या किंवा कराराच्या दराची. चालकाला दिलेली टिप त्यात येत नाही. उरलेली रक्कम रुग्णाकडून वसूल करता येत नाही, कारण मेडिकेडची रक्कम पूर्ण मोबदला म्हणून स्वीकारावी लागते.

कोडचे, म्हणजे बिलात प्रत्येक सेवेसाठी टाकायच्या ठरावीक क्रमांकाचे, म्हणाल तर ॲपच्या गाडीसाठी देशभर चालणारा स्वतंत्र कोड नाही. टॅक्सीने केलेल्या, तातडीच्या नसलेल्या फेरीचा कोड ए०१०० आहे आणि फेरीनुसार आकारणीचा टी२००३. राज्याच्या किंवा ब्रोकरच्या नियमावलीत यांपैकी जो सांगितला असेल तो वापरायचा. किलोमीटरऐवजी तिकडे मैल, आणि मैलांनुसार आकारणी असेल तर एस०२१५. पार्किंग आणि टोलसाठी ए०१७०. ताटकळत थांबण्याचा कोड टी२००७, तो अर्ध्या तासाच्या हिशेबाने लागतो, पण थांबण्याचे पैसे सगळीच राज्ये देत नाहीत. रुग्णाच्या नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने स्वतःच्या गाडीतून नेले असेल तर कोड ए००९०, आणि चाकाच्या खुर्चीसाठी बनवलेल्या व्हॅनला ए०१३०. हा शेवटचा फरक जपा. ॲपची साधी गाडी दारासमोर रस्त्यावर येऊन थांबते, चालक घरात येऊन रुग्णाला उठवत नाही. ज्याला उठून गाडीत बसता येत नाही त्याच्यासाठी ती फेरी मंजूरच व्हायला नको होती. अशा रुग्णाच्या नावावर ए०१०० दिसला, तर तुम्ही तो वर कळवला पाहिजे.

मॉडिफायरची, म्हणजे कोडला जोडायची, दोन अक्षरे म्हणजे फेरीचा पत्ता समजा. पहिले अक्षर निघाल्याचे ठिकाण सांगते आणि दुसरे पोहोचल्याचे. घर म्हणजे आर, रुग्णालय एच, डॉक्टरांचे क्लिनिक पी, रुग्णालयाबाहेरचे डायलिसिस केंद्र जे आणि रुग्णालयातलेच डायलिसिस जी. एखादा रुग्ण मंगळवारी सकाळी घरून बाहेरच्या डायलिसिस केंद्रात गेला आणि दुपारी परतला, तर त्या दिवशी दोन ओळी होतात. जाण्याची आर-जे, येण्याची जे-आर. दोन्ही ओळींवर चुकून आर-जे पडले, तर दुसरी ओळ डुप्लिकेट म्हणून परत येते. तुमच्याकडे आलेल्या डिनायल्समध्ये ही चूक आधी शोधा.

यापुढचे नियम फेरी पात्र आहे की नाही याचे आहेत. फेरीच्या दुसऱ्या टोकाला मेडिकेडमध्ये बसणारा उपचार त्याच दिवशी झालेला असला पाहिजे. सरकारी लेखापरीक्षणात फेरीची तारीख आणि उपचाराच्या बिलाची तारीख समोरासमोर ठेवून पाहतात. उपचार झालाच नाही असे दिसले, तर दिलेले पैसे परत मागितले जातात. रुग्णाला झेपेल असे सर्वांत स्वस्त साधन आधी, हे दुसरे तत्त्व. बसने जाता येणाऱ्याला गाडी मिळत नाही. फेरी बहुतेक वेळा आधी मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून मंजुरीचा क्रमांक क्लेमवर नसला तर ती बाद होते. गाडी दारात आली पण रुग्ण आला नाही, तर त्या रिकाम्या फेरीचे बिल सहसा होत नाही. रुग्ण गाडीत बसला असेल तेवढ्याच अंतराचे पैसे. चालकाविषयीही २०२० च्या त्याच कायद्यात अटी आहेत. त्याचा परवाना वैध हवा आणि सरकारी आरोग्य योजनांतून बाद केलेल्यांच्या यादीत त्याचे नाव नको.

राहिली मुदत. केंद्रीय नियमानुसार सेवा दिल्यापासून १२ महिन्यांच्या आत क्लेम पोहोचला पाहिजे, पण अनेक राज्यांची आणि योजनांची मुदत त्याहून कमी आहे. ‘करेक्ट करून पुन्हा पाठव’ असे सांगितले जाते तेव्हा काय चुकले आहे ते लेखी विचारा. फेरीची नोंद पाहिल्याशिवाय कोड किंवा मॉडिफायर बदलू नका. क्लेम पास व्हावा म्हणून अंदाजाने अक्षरे बदलणे तिकडच्या कायद्यात खोटा दावा ठरू शकते. नोंदीत नाही ते बिलात नाही, हे तुमच्या वरिष्ठांना तुम्ही ठामपणे सांगू शकता.

प्रश्न : वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेतून झाली. घरी सोडताना रुग्णालयाने प्रवासखर्च म्हणून किरकोळ रक्कम हातावर ठेवली. आम्ही तर टाके ताजे म्हणून टॅक्सी करून निपाणीला आलो. पावती दाखवली तर ‘एसटीचेच भाडे मिळते’ म्हणाले. उरलेले पैसे त्यांनी ठेवून घेतले, असा आम्हाला संशय आहे. — एक मुलगा, निपाणी

उत्तर : तुमचा संशय रुग्णालयावर अन्याय करणारा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये घरी जाण्याचा खर्च आहे, पण तो एकदाच, रुग्णालयापासून घरापर्यंतचा, आणि एसटीच्या किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्याइतकाच. येण्याचा खर्च त्यात नाही आणि टॅक्सीचाही नाही. कोल्हापूर ते निपाणी चाळीसएक किलोमीटर, त्याचे एसटीचे भाडे तुम्हाला मिळाले. ते रुग्णालयाने आपल्या पॅकेजच्या रकमेतून द्यायचे असते, त्यामुळे आपणहून ते हातात ठेवणारे रुग्णालय नियमाने चालले असेच म्हणावे लागेल. टाके ताजे असताना चाळीस किलोमीटर बसने जा म्हणणारा हा नियम आम्हाला पटत नाही, पण तो आहे असा आहे.

निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. कागवाडकरांना मिरज जवळ. माणूस जवळच्या दवाखान्यात जाणार, आणि योजना मात्र राज्याच्या हद्दीवर थांबणार, हे सीमाभागाचे रोजचे दुखणे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी ही योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला आणि बराच वाद झाला. दुसरीकडे, केंद्राच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालते, मग ते कोल्हापूरचे का असेना. कर्नाटकाने स्वतःच्या पैशाने जोडून घेतलेल्या कुटुंबांना बाहेरच्या राज्यात तशी सोय मिळेलच असे नाही. म्हणून गाडी सांगण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना फोन करून कार्ड तपासून घ्या. बसने जाणाऱ्या बायकांनी हेही लक्षात ठेवावे की शक्ती योजनेचा मोफत प्रवास राज्याच्या आत आहे, आंतरराज्य बसला तो लागू नाही.

प्रश्न : माझ्या सुनेची प्रसूती सरकारी रुग्णालयात झाली. घरी सोडायला आलेल्या गाडीच्या चालकाने डिझेलचे म्हणून पैसे मागितले आणि आम्ही दिले. ते द्यायचे होते का? — एक आजी, बेळगाव तालुका

उत्तर : नाही आजी, द्यायचे नव्हते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर चालू आहे आणि त्यात घरून रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास दुसऱ्या रुग्णालयात हलवणे आणि बाळंतिणीला बाळासह घरी सोडणे, हे तिन्ही मोफत आहे. कर्नाटकात घरी सोडणाऱ्या या गाड्यांना ‘नगु-मगु’ म्हणतात. गाडीचा नंबर आणि तारीख आठवत असेल तर १०४ या आरोग्य सहाय्यवाणीवर सांगा, किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. कन्नड येत नाही म्हणून अर्ज करायचे टाळू नका. राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, तेव्हा अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. पोच मात्र नक्की घ्या.

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे, पगारातून ईएसआय कापली जाते. ईएसआय डॉक्टरांनी पत्नीला तपासणीसाठी दुसऱ्या रुग्णालयात पाठवले. तिला चालता येत नव्हते म्हणून ॲपवरून रिक्षा केली. ते पैसे मिळतात का? — एक कामगार, बेळगाव

उत्तर : इथे तुमची बाजू इतरांपेक्षा बरी आहे. ईएसआय हा तुमच्या पगारातून आणि मालकाच्या पैशातून चालणारा विमा आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के त्यात जातात. त्याच्या वैद्यकीय लाभात उपचारांबरोबर रुग्णवाहिकेची सोय, आणि नियमात बसेल तेव्हा दवाखान्यात किंवा तपासणी केंद्रात जाण्याच्या खर्चाची भरपाई, हे दोन्ही आहे. ‘नियमात बसेल तेव्हा’ हे शब्द महत्त्वाचे. डॉक्टरांनी पाठवल्याचे पत्र प्रवासाच्या आधीच्या किंवा त्याच तारखेचे असले पाहिजे. रुग्णाला स्वतःहून जाणे शक्य नव्हते आणि रुग्णवाहिका उपलब्ध नव्हती हे डॉक्टरांनी लिहून दिलेले असेल, तर तुमची मागणी भक्कम होते.

तुमच्या पत्रावरून दिसते की संदर्भपत्र आहे, ॲपची पावती मोबाइलमध्ये आहे, पण रिक्षा का करावी लागली याचा कागद नाही. त्या डॉक्टरांना भेटून, त्यांच्या नोंदीत त्या दिवशीची प्रकृती लिहिलेली असेल तर तिच्या आधारे दाखला मागा. नोंद नसेल तर मागची तारीख घालून दाखला मागू नका, त्याने तुम्हीच अडकाल. पावतीची प्रत छापून घ्या, कारण ॲप बदलले किंवा मोबाइल हरवला की ती जाते. पावतीवर प्रवासी म्हणून तुमचे नाव आहे, रुग्ण पत्नी आहे, म्हणून मागे दोघांची नावे आणि विमा क्रमांक लिहून सही करा. दावा दवाखान्यातच दाखल करा आणि त्याची पोच ठेवा. पुढच्या वेळी निघण्याआधीच विचारा, ‘गाडी द्याल का, की मी करू?’, आणि उत्तर त्याच संदर्भपत्रावर लिहून घ्या.

प्रश्न : माझी पिवळ्या पाटीची टॅक्सी आहे. रुग्णांच्या बऱ्याच फेऱ्या मिळतात. आयुष्मान योजनेत नाव नोंदवून सरकारकडून भाडे घेता येईल का? — एक टॅक्सीचालक, बेळगाव

उत्तर : आज तशी सोय नाही. आयुष्मान योजना रुग्णालयांशी करार करते, गाडीवाल्यांशी नाही. तातडीच्या रुग्णांसाठी १ नोव्हेंबर २००८ पासून राज्यात १०८ ची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. तुमच्याकडे कोणी अत्यवस्थ रुग्णासाठी आले, तर आधी १०८ ला फोन करायला सांगा. तिला उशीर असेल आणि रुग्णाला हलवणे शक्य असेल, तरच निघा. टॅक्सीला रुग्णवाहिका म्हणून पावती देऊ नका. रुग्णवाहिकेच्या सेवेला जीएसटी नाही, खासगी विमा कंपन्या नोंदणीकृत रुग्णवाहिकेचेच पैसे देतात, आणि खोट्या पावतीवर रुग्णाचा अख्खा दावा नाकारला जाऊ शकतो.

तुम्हाला रुग्णांसाठी खरोखर काही करायचे असेल, तर छापील पावतीपुस्तक ठेवा. वर तुमचे नाव आणि गाडीचा नंबर छापून घ्या. खाली तारीख, निघाल्याची व पोहोचल्याची वेळ, कुठून कुठे, मीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, रुग्णाचे नाव, सोबत कोण, घेतलेले भाडे आणि तुमची सही. घरून गाडी बोलावली, तरी पावती दवाखान्याच्या दारात उतरवतानाच लिहून द्या.